बारकीची स्कॉलरशिप

मी आयुष्यात जीव खाऊन पळालोय ते दोनदाच. एकदा रविवारी मेसमध्ये पनीर संपत आलंय असं कुणीतरी ओरडलं तेव्हा, आणि एकदा एम-थ्रीच्या पेपरला हॉलतिकीट रूमवर राहिलं तेव्हा. त्यामुळे मी अ‍ॅथलेटिक्सवर लेख देतो म्हटल्यावर संपादक मंडळानं (म्हणजे आमच्याच विंगमधल्या दोघांनी) ज्या नजरेनं माझ्याकडं बघितलं, त्यात त्यांची काही चूक नाही. पण हा लेख माझ्या पळण्याचा नाहीच. तो आमच्या बारकीच्या पळण्याचा आहे, आणि त्यात मी जे काही उद्योग केले त्यांचा आहे. त्यातला एक उद्योग मी आजपर्यंत कुणाला सांगितलेला नाही. तो पुढं येईलच.

बारकी म्हणजे माझी धाकटी बहीण. आमचं गाव माण तालुक्यात. सातारा जिल्हा म्हटलं की लोकांना महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी आठवते, कास पठार आठवतं. आमच्याकडं ज्वारी, बाजरी, मेंढरं आणि उन्हाळ्यात पाण्याचा टँकर! वडील एस.टी.त कंडक्टर. घरात खेळाची परंपरा वगैरे काही नाही. पण ललिता बाबर आमच्याच तालुक्यातल्या मोहीच्या. २०१६ ला रिओ ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसची फायनल त्या पळाल्या, तो दिवस १५ ऑगस्टचा होता. आमच्या घरात त्या संध्याकाळी निम्मी आळी टीव्हीसमोर बसली होती. त्या दहाव्या आल्या. बारकी तेव्हा चौथीत होती. दहावा नंबर म्हणजे काय हे तिला कळलं नाही, पण पाण्यात उडी मारून पुन्हा पळायचं हे मात्र तिला फार आवडलं. आमच्या भागात पाण्यात उडी मारायला मिळणं हीच केवढी चैन!

ज्यांना स्टीपलचेस माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. साडेसात फेऱ्या, २८ अडथळे आणि ७ वेळा पाण्याची उडी. हा अडथळा हर्डलसारखा पाय लागला की पडत नाही. चांगला जाड चौकोनी लाकडी दांडा असतो, मुलींसाठी जमिनीपासून ७६.२ सेंटिमीटर उंच. अंदाज चुकला तर दांडा जागेवर आणि आपण जमिनीवर! पाण्याचा खड्डा ३.६६ मीटर लांब, दांड्याजवळ खोल आणि पुढं उथळ होत जाणारा. म्हणजे जेवढी लांब उडी तेवढं पाणी कमी. दमलेला माणूस खोल पाण्यात पडतो आणि अजून दमतो.

बारकी हायस्कूलला असताना तिच्या पी.टी.च्या सरांनी अडथळा कुठून आणायचा म्हणून मला फोन केला. मी तेव्हा नुकताच एफ.ई.ला आलो होतो. इंजिनिअरिंग ड्रॉईंगमध्ये पास होईन की नाही याची खात्री नव्हती, पण ड्रॉईंग काढून पाठवलं. वडिलांच्या ओळखीच्या वेल्डरनं ते बनवलं. पहिल्याच दिवशी अडथळा पाय लागून उलटा झाला आणि बारकीचं ढोपर फुटलं. खरा अडथळा ८० ते १०० किलोचा असतो हे मी बघितलंच नव्हतं. मग पायथ्याच्या पाइपात काँक्रीट भरलं. (स्टॅटिक्सचा हा धडा मी कुठल्याही पुस्तकातून शिकलो नाही.) पाण्याचा खड्डा म्हणून सरांनी शाळेमागं खड्डा खणून त्यात ओढ्याची वाळू भरली. त्यामुळे बारकी पाण्याची उडी शिकली ती कोरडी. पहिल्यांदा बालेवाडीच्या ट्रॅकवर खऱ्या पाण्यात उतरली तेव्हा बूट भिजले म्हणून दचकली आणि दोन जणी पुढं गेल्या.

तरीही ती राज्याला तिसरी आली. अकरावीत १०:५८ वेळ लागली. म्हणजे १० मिनिटं ५८ सेकंद.

आता स्कॉलरशिपचं. याचं खापर माझ्या रूम पार्टनरवर फोडायला हवं. तो ११० मीटर हर्डल्सवाला, विद्यापीठाकडून पळालेला. २०२४ च्या जूनमध्ये आम्ही टेरेसवर बसलो होतो तेव्हा त्यानं मला तेजस्विन शंकरची गोष्ट सांगितली. दिल्लीचा मुलगा, उंच उडीवाला. २०१७ मध्ये स्कॉलरशिपवर अमेरिकेत कॅन्सस स्टेट युनिव्हर्सिटीत गेला. २०१८ ला आणि पुन्हा २०२२ ला तिथल्या एन.सी.ए.ए.चा चॅम्पियन झाला आणि त्याच वर्षी बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ब्राँझ घेऊन आला. "शिकायलाही मिळतं, पळायलाही मिळतं, आणि वर पैसे तेच देतात," असं पार्टनर म्हणाला. मी म्हटलं, मग तू का नाही गेलास? तर म्हणाला, "मला कळलं तेव्हा सेकंड इयर संपलं होतं."

हे हॉस्टेलवरच्या खेळाडूंनी नीट ऐका. तिकडं कुठल्याही कॉलेजात पूर्णवेळ नाव घातलं की पात्रतेचं घड्याळ सुरू होतं. ते कॉलेज अमेरिकेतलंच असायला हवं असं नाही. आपल्या एफ.ई.च्या अ‍ॅडमिशनलाही ते सुरू होतं. बारावीनंतर नुसतं थांबून स्पर्धा खेळत राहिलात तरी वर्षं कापली जातात. म्हणून ही गोष्ट अकरावी-बारावीतच करायची असते, आणि त्या वयात आपल्याकडं कुणाला हे माहीतच नसतं.

बारकी बारावीत गेली होती. म्हणजे आमच्या हातात जेमतेम एक वर्ष होतं.

पहिल्यांदा आम्ही जे सगळे करतात तेच केलं, एका एजंटकडं गेलो. नाव सांगत नाही. काचेचं ऑफिस, भिंतीवर स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा. त्यानं 'शंभर टक्के स्कॉलरशिप, गॅरंटी' असं सांगितलं आणि आधी दीड लाख व नंतर मिळालेल्या स्कॉलरशिपच्या दहा टक्के मागितले. वडील खिशातलं पाकीट चाचपत होते. मी उद्या सांगतो म्हणालो आणि रात्री हॉस्टेलवर येऊन एन.सी.ए.ए.चे नियम वाचायला बसलो. खेळाडूला स्कॉलरशिप मिळवून दिली म्हणून त्या स्कॉलरशिपवर फी घेणं नियमातच बसत नाही. खेळाडूच अपात्र ठरू शकतो! दहा टक्क्यांपायी बारकी घरी बसली असती. त्या रात्री मी ठरवलं की हे आपणच करायचं. तीन वर्षं लोकांची जर्नलं उतरवून काढली, हे काय अवघड आहे?

अवघड होतं. पहिला भ्रम फुटला तो 'फुल स्कॉलरशिप'चा. मैदानी खेळात सगळ्यांना पूर्ण स्कॉलरशिप मिळते असं काही नाही. तेव्हाच्या नियमाप्रमाणे डिव्हिजन वनच्या एका कॉलेजला मुलींच्या अ‍ॅथलेटिक्ससाठी जास्तीत जास्त १८ स्कॉलरशिप आणि मुलांसाठी १२.६. आता पळणारे, उड्या मारणारे, गोळा-भाला फेकणारे, सगळे धरून टीम तीस-चाळीस जणांची. म्हणजे कोच हा भाकरी मोडून देणाऱ्या आईसारखा असतो. कुणाला अर्धी, कुणाला चतकोर, कुणाला नुसतं कालवण. मुलींना जास्त का? १९७२ चा टायटल नाइन नावाचा कायदा आहे. शिक्षणसंस्थेत मुलामुलींना समान संधी द्यावी लागते आणि मुलांच्या बऱ्याच स्कॉलरशिप अमेरिकन फुटबॉल खाऊन टाकतो, म्हणून इतर खेळांत मुलींचा वाटा मोठा. डिव्हिजन टूमध्ये मुलं आणि मुली दोघांनाही १२.६. डिव्हिजन थ्रीमध्ये खेळासाठी पैसेच नाहीत.

मी पहिल्या महिन्यात सगळ्या मोठ्या नावांना ई-मेल टाकले. 'रिस्पेक्टेड सर, माय सिस्टर इज व्हेरी हार्डवर्किंग' छापाचे. एकाचंही उत्तर नाही. मग पार्टनरनं डोकं लावलं. कोचला मेहनती मुलगी नको असते, त्याला पॉइंट हवे असतात. तिथं दर वर्षी सात-आठ-दहा कॉलेजांच्या गटाची, म्हणजे कॉन्फरन्सची स्पर्धा होते. तिथं पहिल्या आठ नंबरांना १०, ८, ६, ५, ४, ३, २, १ असे गुण. कोचची नोकरी त्या बेरजेवर. आणि हे सगळे निकाल इंटरनेटवर उघडे पडलेले असतात.

मग आम्ही एक्सेल शीट केली. प्रत्येक कॉलेजच्या कॉन्फरन्समध्ये स्टीपलचेसला कितव्या नंबरला काय वेळ लागली ते एका रकान्यात, आणि त्या कॉलेजची स्टीपलचेसवाली मुलगी कितव्या वर्षाला आहे ते दुसऱ्या रकान्यात. जिथं १०:५८ ला पहिल्या चारात नंबर येतो आणि जिथली मुलगी यंदा पास होऊन बाहेर पडतेय, ती कॉलेजं पिवळी केली. एका पी.एल.मध्ये हे काम झालं. त्या पी.एल.मध्ये हीट ट्रान्स्फर झाला नाही, त्याचा हिशोब नंतर केटीनं चुकता केला.

पिवळ्या कॉलेजांना ई-मेल पाठवले ते चार ओळींचे. वेळ, निकालाचा दुवा, पाण्याच्या उडीचा व्हिडिओ, दहावीचे मार्क. ६३ पाठवले, ११ उत्तरं आली. एक कोच विचारतो, आठवड्याला किती किलोमीटर पळते? मला वाटलं जास्त सांगावं. बारकी म्हणाली, "दादा, खोटं नको. पन्नास सांग." पन्नास ऐकून तो खूशच झाला! इतक्या कमी सरावावर ही वेळ, म्हणजे पुढं अजून उतरेल असा त्याचा हिशोब. शिवाय लांब पळणारी मुलगी त्यांना तीन हंगाम वापरता येते. पावसाळा संपला की क्रॉस कंट्री, थंडीत इनडोअर, उन्हाळ्याआधी मैदानावर. थाळी फेकणारीला क्रॉस कंट्रीत काय करणार? म्हणजे आमची बारकी त्यांच्या दृष्टीनं एका पैशात तीन कामं करणारी होती. हे कळल्यावर मला थोडं वाईट वाटलं, पण बारकीला आनंद झाला.

इंग्रजीची परीक्षा हा एक वेगळाच लेख होईल. घरी बसून कॅमेऱ्यासमोर द्यायची, खोलीत दुसरं कुणी येता कामा नये, आवाजही नको. मी आठवडाभर सगळ्यांना बजावलं होतं. परीक्षेच्या दिवशी आई बाहेर राखण करत बसली, वडिलांनी शेजारचं पिठाच्या गिरणीचं पोरगं समजावून गप्प केलं आणि नेमकी बोलण्याच्या प्रश्नाला आमची शेळी खिडकीत येऊन ओरडली. पुन्हा द्यावी लागली. दुसऱ्या वेळी शेळ्या मामाकडं पाठवल्या. मार्क पुरेसे पडले. मराठी माध्यमातली मुलगी, दोन महिने रोज रात्री मला फोन करून इंग्रजीतून भांडायची. तिच्या इंग्रजीत आजही भांडणाचा सूर आहे.

नोव्हेंबरपर्यंत डिव्हिजन वनचा एक कोच अगदी जवळ आला होता. व्हिडिओ कॉलवर आईला नमस्तेसुद्धा म्हणाला. आणि मग एकदम गप्प. आम्हाला वाटलं आमचंच काही चुकलं. नंतर कळलं की तिकडं खेळाडूंना पैसे देण्यावरून मोठा खटला चालू होता आणि त्याच्या तडजोडीत स्कॉलरशिपची मर्यादा जाऊन टीममधल्या माणसांचीच मर्यादा येणार होती. (२०२५-२६ पासून ती आली, ज्या कॉलेजांनी ती तडजोड स्वीकारली तिथं अ‍ॅथलेटिक्सला ४५ जण.) त्या हिवाळ्यात बऱ्याच कोचना स्वतःलाच माहीत नव्हतं की पुढच्या वर्षी किती जणांना ठेवायचं आणि किती जणांना काढायचं. माण तालुक्यातल्या मुलीचं भवितव्य कॅलिफोर्नियातल्या कोर्टात अडकलं होतं. बारकी फक्त "बरं" म्हणाली आणि पळायला गेली.

आता तो उद्योग.

जानेवारी २०२५. सहाव्या सेमची सुरुवात. रात्री एक वाजून वीस मिनिटांनी मेल आला. नेब्रास्का राज्यातलं डिव्हिजन टूचं एक विद्यापीठ, लहानसं गाव, आजूबाजूला मक्याची शेतं. वर्षाचा सगळा खर्च २८ हजार डॉलर. त्यातले १७ हजार खेळाची स्कॉलरशिप, ४ हजार मार्कांवरची. उरले ७ हजार. तेव्हाच्या भावानं सहा लाख रुपये. वर्षाला. चार वर्षांचे चोवीस.

मी उठून बसलो. पार्टनर झोपला होता. आनंद झाला नाही असं नाही. पण त्याच क्षणी मी मनात गुणाकार केला होता, आणि तो गुणाकार बारकीचा नव्हता.

मला एम.एस.ला जायचं होतं. जी.आर.ई.चा क्लास बघून ठेवला होता, उन्हाळ्यात परीक्षा द्यायची होती. मोठ्या शैक्षणिक कर्जाला बँक तारण मागते. शेतजमीन सहसा घेत नाहीत. आमच्याकडं तारण ठेवण्यासारखी एकच गोष्ट, दहिवडीला वडिलांनी ओव्हरटाइमच्या पैशातून घेतलेला दोन गुंठ्यांचा एन.ए. प्लॉट. तो माझ्या एम.एस.साठी आहे हे घरात न बोलता ठरलेलं होतं. मी बारकीसाठी इतके महिने धावपळ केली त्यात एक गोष्ट मी स्वतःपासूनसुद्धा लपवली होती. तिला पूर्ण स्कॉलरशिप मिळाली असती तर प्लॉट माझा राहिला असता. अर्धवट मिळाली तर नाही.

मी लॅपटॉप बंद केला आणि झोपलो. सकाळी कुणालाच काही सांगितलं नाही. लेक्चरला गेलो, प्रॅक्टिकल केलं, संध्याकाळी चौकात मिसळ खाल्ली. मनाशी म्हणत होतो की अजून एखादी चांगली ऑफर येईल, मग एकदमच सांगू. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिचा फोन आला. सराव संपवून दमलेली होती. "दादा, काय आलं का?"

मी म्हटलं, "नाही गं अजून."

"बरं," म्हणाली. "तू जेवलास का?"

तिसऱ्या दिवशी पार्टनरनं माझ्या लॅपटॉपवर सबमिशनची फाईल शोधताना तो मेल बघितला. एक्सेल शीट अर्धी त्याची, त्यामुळे त्याला एका नजरेत सगळं समजलं. त्यानं मला जे म्हटलं ते या मासिकात छापता येणार नाही, मराठी विभागाच्या मॅडम कात्री घेऊनच बसल्यात. शेवटी एवढंच म्हणाला, "तुझी जी.आर.ई. दर महिन्याला असते." पुढचं त्याला बोलायची गरज नव्हती. त्याचं घड्याळ एफ.ई.तच संपलं होतं.

मी त्याच वेळी कॉरिडॉरमध्ये जाऊन फोन लावला. बारकीला म्हटलं, मेल आलाय. कधी आला ते सांगितलं नाही. ती ओरडली, मग आईला हाक मारली, मग फोन खाली पडल्याचा आवाज आला.

त्या शनिवारी घरी गेलो. वडिलांना कागदावर आकडे मांडून दाखवले. तिकिटाच्या मशीनवर आयुष्य गेलेला माणूस, त्यांनी तोंडीच बेरीज केली. बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "आन तुझं काय?"

मी म्हटलं, "मी आधी नोकरी करतो."

"मनापासनं म्हनतोयस का?"

मी हो म्हटलं. तेव्हा ते निम्मंच खरं होतं. आईची काळजी वेगळी, पोरगी एवढ्या लांब एकटी कशी राहील, थंडीत काय खाईल. आणि चुलत्यांचा प्रश्न तर गावात अजून प्रसिद्ध आहे, "पळायला अमेरिकेला? हितं काय रस्तं न्हाईत का?"

बँकेत आणखी एक अडचण. साहेब म्हणाले, स्कॉलरशिप चार वर्षं मिळेल असं पत्र आणा. आमच्या पत्रात हमी एकाच वर्षाची होती, पुढं दरवर्षी नव्यानं. दुखापत झाली तर? कोच बदलला तर? हे प्रश्न बरोबरच होते. उत्तर कुणाकडंच नव्हतं. वडिलांनी सही केली. मी शेजारी उभा होतो, त्यांचा हात थरथरला नाही, उलट सही नेहमीपेक्षा मोठी आली.

त्यानंतर वाटलं, सुटलो. तर मे २०२५ च्या अखेरीला अमेरिकेनं विद्यार्थी व्हिसाच्या मुलाखतींच्या नव्या तारखा देणंच थांबवलं! बारावीचा निकाल लागलेला, कर्ज मंजूर, आणि तारीख नाही. तीन आठवडे घरात कुणी मोठ्यानं बोललं नाही. जूनमध्ये पुन्हा सुरू झालं, पण सोशल मीडियाची खाती सगळ्यांना दिसतील अशी उघडी ठेवायची अट आली. बारकीचं इन्स्टाग्राम उघडलं. त्यात चाळीस रील, त्यातली तीस शेळ्यांची. मी म्हटलं, असू दे, यात देशाच्या सुरक्षेला धोका दिसत नाही. मुंबईला बी.के.सी.त मुलाखत झाली. बाहेर आली तेव्हा हसत होती. साहेबानं विचारलं म्हणे, स्टीपलचेसमध्ये सर्वांत अवघड काय? ही म्हणाली, "वॉटर. इन माय व्हिलेज देअर इज नो वॉटर."

ऑगस्टमध्ये ती गेली. विमानतळावर वडील काचेबाहेर उभे राहून ती आत वळेपर्यंत बघत होते, एस.टी. सुटल्यावर गाडी वळेपर्यंत बघतात तसे.

आता तिचे फोन येतात. क्रॉस कंट्रीत सहा किलोमीटर पळायचं, टीमच्या पहिल्या पाच जणींचे नंबर मोजतात. पहिल्या स्पर्धेत ती टीममध्ये सातवी आली, शेवटच्या स्पर्धेत चौथी, म्हणजे तिचा नंबर मोजला गेला. पहिला बर्फ पडला तेव्हा व्हिडिओ कॉल करून आईला दाखवला, आईनं आधी विचारलं, कानाला बांधलंस का? तिथल्या मेसमध्ये ती ताटं लावायचं काम करते. विद्यार्थ्याला सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला वीस तासच काम करता येतं. मेसचं जेवण बेचव आहे असं ती सांगते तेव्हा आमच्या अख्ख्या विंगला बरं वाटतं. एक गोष्ट आम्हाला कुणी सांगितली नव्हती. स्कॉलरशिपमधला फीचा भाग करमुक्त, पण राहण्या-जेवणाच्या भागावर परदेशी विद्यार्थ्याला १४ टक्के कर पडतो. सात हजारांचे त्यामुळे थोडे जास्त झाले. तो खड्डा मी भरतोय, दोन मुलांच्या डिप्लोमाच्या शिकवण्या घेऊन. पुढच्या वर्षांकरता अभ्यास करणाऱ्यांनी हा आकडा आधीच धरावा.

आणि रात्री एकटी असली की रडते. हे ती सांगत नाही, तिची रूममेट इन्स्टावर मला सांगते.

माझं म्हणाल तर कॅम्पसमध्ये सिलेक्शन झालंय, जुलैत जॉइनिंग. जी.आर.ई.चं पुस्तक पार्टनरनं ज्युनिअरला निम्म्या किमतीत विकलं आणि त्या पैशाची पार्टी केली, मला न विचारता. कधीकधी दहिवडीवरून जाताना प्लॉटकडं बघतो. त्यात सध्या कुणाचीतरी म्हैस बांधलेली असते. वाईट वाटतं का? एखाद्या दिवशी वाटतं. खोटं कशाला सांगू.

एप्रिलमध्ये तिची तिथली पहिली स्टीपलचेस आहे. खऱ्या पाण्यातली.

हा लेख छापायला देण्याआधी तिला पाठवावा असं वाटलं. त्या दोन दिवसांचं तिनं छापील अंकातून वाचणं बरं नव्हे. काल रात्री पानांचे फोटो काढून पाठवले. आज सकाळी बघितलं तर दोन्ही टिका निळ्या झाल्या होत्या. उत्तर अजून नाही. इथं संध्याकाळचे पाच वाजलेत, म्हणजे तिथं पहाटेचे साडेपाच. सरावाला निघाली असेल.

– बी.ई. (यांत्रिकी)